धुळवडीचा पंचनामा

प्रिय अश्विनदादा,

सविनय जय भीम. तुझं घर माझ्या घरापासून चौथं, आणि मी तुला पत्र लिहितो आहे, हे पाहून तुला हसू येईल. दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो होतो. परवा रेणूवहिनी म्हणाल्या, "काहून रे सुगत, बाहेरच उभा राहून राहिला? ये ना, चहा मांडला हाये." गिऱ्हाईक थांबलं आहे असं खोटंच सांगून मी परत फिरलो. मला तोंडानं जमत नाही, लिहून जमतं. आज सकाळपासून दुकान बंद ठेवून बसलो आहे. हा तिसरा मसुदा. आधीच्या दोन्हींत खाडाखोड झाली.

दहावी दोनदा नापास झालो तेव्हा पंक्चरचं काम तूच शिकवलंस आणि फाट्यावर टपरीही तूच लावून दिलीस. तिथेच नाकाबंदी लागायची. चंद्रकुमार हवालदार मला पंच म्हणून बोलवायचे. जे घडलं ते डोळ्यांनी पाहिलं, अशी सही करणारा तो पंच. एकदा त्यांनी माझं बिलबुक पाहिलं आणि म्हणाले, "अरे, तुहं अक्षर तं छापल्यासारखं हाये!" तेव्हापासून नुसती सही नाही, आख्खा पंचनामाच माझ्याकडून लिहून घेऊ लागले. दादा, शाळेत माझी पाठ कोणी थोपटली नव्हती. मला ते फार गोड लागलं.

धुळवडीच्या आदल्या दिवशी ते कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "साऱ्या देशात दारूच्या केसेस वाढून राहिल्या, पेपरात रोज येते. अन् आपलाच आकडा खाली. साहेब मले विचारते, तुमच्या फाट्यावर सारे दूधच पेते का?" उद्या गर्दीत लिहायला वेळ मिळणार नाही, म्हणून मी वीस पंचनामे आधीच लिहून ठेवावेत, असं ठरलं. मी पट्टीनं समास आखले. प्रत्येक कागदावर तेच लिहिलं: डोळे लाल होते, तोंडाला उग्र वास येत होता, चालताना तोल जात होता, पंचांसमक्ष नवीन नळी लावून तपासणी केली. फक्त नाव, गाडीचा नंबर आणि श्वास तपासायच्या मशीनचा आकडा, एवढ्या तीन जागा रिकाम्या सोडल्या. लिहून झाल्यावर सगळे कागद एकावर एक ठेवून पाहिले. ओळी अगदी एकाखाली एक आल्या होत्या. त्याचा मला अभिमान वाटला, हेही लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू शाळेची व्हॅन सर्व्हिसिंग करून भंडाऱ्याहून अड्याळला परत येत होतास. तुझ्या पुढे ट्रॅक्टरवाला ताराचंद होता. तो तर उभाही राहू शकत नव्हता, आणि त्याच्या ट्रॉलीत सहा बाया बसलेल्या होत्या. त्यानं फुंकलं, आकडा दीडशेच्या वर गेला. मग तुला उतरवलं. तू हसत म्हणालास, "घ्या ना भाऊ, कितीकदा फुंकू?" रॉड टाकलेला पाय ओढत तू मशीनपर्यंत आलास.

मशीन एक्केचाळीस दाखवत होतं. तिसाच्या वर गेलं की गुन्हा. तुझा चेहरा मला अजून दिसतो. "अजून एकदा फुंकून पाहतो," म्हणालास, पण मागे हॉर्न वाजत होते आणि हवालदारांच्या कानाला साहेबांचा फोन होता. कागदावर तुझं नाव मीच भरलं. "चालताना तोल जात होता" हे वाक्य त्या कागदावर आदल्या दिवसापासूनच होतं. तुझा पाय बारा वर्षांपासून तसा आहे हे ज्याला माहीत, त्यानंच खाली सही केली.

वकील म्हणाले, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. तू म्हणालास, न पिता पिलो असं कसं सांगू? शाळेनं तुझी व्हॅन दुसऱ्याला दिली, तरी तू ऐकलं नाहीस. पण विहारात आता तू मागच्या रांगेत बसतोस. तुझे बाबा दारूपायी गेले, म्हणून दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना तुझा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. आता ओठ हलतात, आवाज येत नाही. त्या सकाळी घेतलेल्या खोकल्याच्या औषधानंच घात केला असेल, असं तू सगळ्यांना सांगतोस. तुझ्या लेकीनं, रुचिकानं, ती बाटली फेकून दिली म्हणे. दादा, औषधाचा दोष नाही.

त्या दिवशी नळ्या माझ्याकडे होत्या. दर माणसाला नवीन नळी द्यायची, आणि त्याआधी मशीन नुसत्या हवेवर शून्य दाखवते का ते पाहायचं, एवढंच माझं काम. नवीन नळ्या ताराचंदच्या आधीच संपल्या होत्या, त्यालाही वापरलेलीच दिली होती. त्यानं फुंकलेली ओली नळी मी दुपट्ट्यानं पुसली आणि तीच तुला दिली. हवालदारांनी विचारलं, "शून्य आलं का?" मी मशीनकडे न बघताच "हो" म्हणालो.

सोमवारी माझी साक्ष आहे. चंद्रकुमार काल येऊन सांगून गेले, "कागदावर हाये ते बरोबर हाये, एवढंच म्हणजो. नाही तं खोटा पंचनामा केला म्हणून पहिले तूच आत जाशील." त्यांचं खरंही असेल. आणि माझा एक कागद खोटा ठरला, की त्याच गठ्ठ्यातला ताराचंदही सुटेल, याचीही मला भीती वाटते. पण सगळ्यात जास्त भीती माझ्या तोंडाची वाटते. काळा कोट समोर उभा राहिला, हवालदारांनी नुसतं पाहिलं, तरी माझ्या तोंडून "हो साहेब" निघेल. तेव्हाही तेच निघालं होतं.

म्हणून हे पत्र. आज वहिनींच्या हातात देतो आहे. वाचून घरात ठेवू नकोस, उद्याच वकिलांकडे दे. सोमवारी मी फिरलो, तर त्यांना म्हणावं, हे माझ्यासमोर धरा आणि पंचनाम्याशेजारी ठेवा. अक्षर एकच आहे, कोणालाही ओळखू येईल. मग मला नाही म्हणता येणार नाही. प्रत्येक पानाखाली सही केली आहे, तारीख घातली आहे, आणि या वेळी एकही जागा रिकामी सोडलेली नाही.

तुझाच,
सुगत