न वाचलेला शेवट

३ फेब्रुवारी १९८७, मंगळवार
या वहीची आधी माफी मागतो. बारा दिवस एक अक्षर लिहिलं नाही. खोकला होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही. नाईकबाई नागपूरला लेकाकडे गेल्या तेव्हा मंडळाच्या वाचनालयातल्या मुलांच्या कपाटाची किल्ली आणि ही वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तात्या, कोण काय नेतं ते रोज लिहा. मुलांना पुस्तक सुचवत जा." बाईंना वाटलं, म्हातारा दुपारभर मांडीवर पुस्तक घेऊन बसतो म्हणजे वाचत असणार. मी चौथी पास. दिवसाला आठ पानं, तीही बोट ठेवून.

आज ज्योती आली. असल्फ्याची, सातवीतली. आई तीन आठवडे चेंबूरला हॉस्पिटलात.
"आजोबा, आईला वाचून दाखवायला कादंबरी द्या. राजा-राणी नको म्हणते. आपल्यासारखी माणसं हवीत."
निळ्या पुठ्ठ्याची दिली. खाडीकाठच्या गावातली मुलगी, आई अंथरुणाला, मुलगी घर सांभाळून शाळा करते.
"शेवट कसाय?"
"गोड. आई बरी होते."
एकशेबारा पानांतली मी छत्तीस वाचलीत. सगळ्यांना हेच सांगतो: झकास आहे, शेवट गोड. वर्षभर कुणी पकडलं नाही.

६ फेब्रु., शुक्र.
ज्योती शाळेतून थेट आली. रोज एक प्रकरण वाचते. अकरा आहेत, तीन झाली. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही ऐकतात. एक म्हातारी तर ही दारात दिसली की ओरडते, "ये गो बाय, त्या पोरीची पेज करपली की नाय ता सांग आधी." मला बरं वाटलं. छाती फुगली म्हणा ना.

मग ती म्हणाली, "आजोबा, डॉक्टर सांगतात पोटातली गाठ काढायलाच हवी. आई सही देत नाही. बाबांनी हात जोडले, मामा ओरडला, तरी नाही. आणि काल म्हणाली, ह्या गोष्टीतल्या बाईलाही ऑपरेशन सांगितलंय, ती करून उठली तर मीही करीन. हा माझा कौल."

कौल म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. आमच्या गावी देवाच्या दगडाला कळ्या लावून लग्नं ठरली, ठरलेली मोडली. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. त्यानंतर माणूस हलत नाही.

ज्योती जाताना हसली. "बरं झालं शेवट गोड आहे ते."

७ फेब्रु., शनि.
आठवीतली शैला आली. तोंडाची फटकळ, पण कपाट निम्मं वाचून संपवलेली एकटीच. सहज केल्यासारखं विचारलं, ती निळी कादंबरी वाचलीस का गं?
"त्यात आई मरते की! ऑपरेशन होतं आणि मरते. मी दोन दिवस जेवले नव्हते."
"नीट आठव."
"आजोबा, तुम्ही वाचलंच नाहीये ना?"
ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली.

दुसरी प्रत नाही. पुस्तक ज्योतीकडे. मी काय करून बसलो.

९ फेब्रु., सोम.
बस बदलून चेंबूरला गेलो. ज्योती खाटेशी बसून सातवं प्रकरण वाचत होती. पाच बायका ऐकत होत्या. तिची आई म्हणजे नुसती हाडं, पण डोळे लेकीच्या ओठांवर. मला बघून म्हणाली, "तुम्हीच का ते आजोबा? पुस्तक चांगलं निवडलंत हो."
मान वर करवेना.

ज्योतीला व्हरांड्यात नेऊन सांगितलं. तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग:
"तुम्ही वाचलंय म्हणालात."
"हो."
"खोटं कशाला बोललात?"
काय सांगू? तू दारात उभी होतीस, तुझा चेहरा बघून बोललो? तेही अर्धंच खरं. मला अडाणी दिसायचं नव्हतं.

म्हटलं, पुस्तक हरवलं म्हणून सांग. म्हणाली, तेही ती कौलच समजेल, वाईट. मग म्हणाली, "तुम्ही दुसरा शेवट लिहून द्या. आईचा चष्मा घरी आहे, तिला कळणार नाही. माझ्याकडून तोंडी बनवून होत नाही, रडायला येतं. गुरुवारपर्यंत द्या."

१० फेब्रु., मंगळ.
सकाळपासून बसलोय. "बाईंचे ऑपरेशन यशस्वी झाले" असं लिहिलं. सरकारी कागदासारखं वाटतं. फाडलं. "सगळीकडे आनंदीआनंद झाला." तेही फाडलं. मुलांना शंभर पुस्तकं सुचवली, आणि एक बाई खाटेवरून उठते एवढं लिहिता येत नाही.

आणि हे लिहावं का? माझ्या कागदावर विश्वासून ती आत गेली आणि उठलीच नाही तर? नाही लिहिलं तर सही नाही, मग गाठ तिला जगू देईल का? दोन्हीकडून मीच. कुणाला विचारू? नाईकबाईंना पत्र टाकलं तरी उत्तर यायला आठ दिवस.

१२ फेब्रु., गुरु.
शेवटी एवढंच लिहून झालं. शुद्ध आली तेव्हा लेक उशाशी होती. बाईने पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी पेज. पहिला घोट घेऊन म्हणाली, मीठ कमी आहे गं. लेक म्हणाली, उद्या तू घाल.
पानभर पण नाही. ज्योतीने उभ्या उभ्या वाचलं, घडी करून पुस्तकात ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
ज्योती धावत आली. काल वाचलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "आं? एवढ्यात संपला?" आई म्हणाली, "लिहिणाऱ्याला घाई होती वाटतं. पण मीठ कमी म्हणणारी बाई खरी आहे." मग नर्सला हाक मारून सहीचा कागद मागितला.
सोमवारी ऑपरेशन. आता घरची सगळी मानखुर्दला मामाकडे राहणार.
"आजोबा, झालं की येऊन सांगते."
देवाच्या जागी बसून मी हाताने कळी पाडली. आता मला देवापुढे उभं राहायचीही लाज.

१८ फेब्रु., बुध.
नाही आली.
काल हॉस्पिटलात गेलो. त्या खाटेवर दुसरीच बाई. गोष्ट ऐकणाऱ्या बायकांतली एकही दिसेना. ऑपरेशनवाल्यांचा वॉर्ड वर. जिन्यावर शिपायाने अडवलं.
"पेशंटचे कोण तुम्ही?"
काय सांगणार? पुस्तक देणारा?
"नातेवाईकच जातात वर, खबरही त्यांनाच मिळते. बाबा, घरी जा."

२३ फेब्रु., सोम.
असल्फ्याला त्यांच्या खोलीला कुलूप. वडील मरोळला कारखान्यात आहेत एवढं शेजारणीला ठाऊक, कारखान्याचं नाव नाही. मामाचा पत्ता नाही. शैला त्याच शाळेत, तिला विचारलं. ज्योती गैरहजर. शैला आता हसत नाही. म्हणाली, "आजोबा, मी ते सांगायलाच नको होतं." म्हटलं, तू नाही गं, मी.

आज चार मुली आल्या. एकीने विचारलं, हे कसंय? म्हटलं, मी वाचलेलं नाही. दुसरं? तेही नाही.
"मग इथे बसता कशाला?"
पुस्तकं न घेता गेल्या. बरोबर आहे त्यांचं.

१ मार्च, रवि.
तेरा दिवस झाले. चांगलं असतं तर पोर आली नसती का? की मामाने सोडलं नाही? आई सावरेपर्यंत ती उशाशीच बसली असेल, तेही होऊ शकतं. असं म्हणतो, आणि पुढच्याच घडीला दुसरं दिसतं. जेवण जात नाही.

आज पुन्हा असल्फ्याला गेलो. दाराच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवली. इथे उतरवून ठेवतो:

ज्योती, पुस्तक परत नको. माझ्यावर राग असेल तर धर, तोंड बघू नकोस, पण आई कशी आहे तेवढं कळव. शाळेतल्या शैलाकडे सांगितलंस तरी पोचेल. चांगलं असो, वाईट असो, जे असेल ते. लवकर कळव पोरी.