स्वतःच्या बळावर चालणारी भट्टी

सोमवार, ३ मार्च
संकल्प : कुणावरही हात उचलायचा नाही. क्रोध हा षड्रिपूंतला दुसरा. पहिल्याने मला केव्हाच सोडलंय, दुसराही सोडेल.
शुक्रवारी समिती येणार. माझी भट्टी म्हणजे टाकीभर साध्या पाण्यात उभ्या केलेल्या नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या. आत सोडलेला न्यूट्रॉनचा सोर्स काढून घेतला तरी ती चालते, हे दाखवायचं. जमलं तर हॉल माझा, नाहीतर टाळं.
दोरीने सोर्स वर ओढला. न्यूट्रॉन मोजणारा काउंटर गप्प. आमचा मेकॅनिक (हिचा धाकटा भाऊ) म्हणाला, भाऊजी, ही आपल्या बळावर पेटायची नाही, हिला बाहेरून सोर्स लागणारच. पक्कड फेकून मारली. फेकणं म्हणजे हात उचलणं नव्हे.

मंगळवार, ४ मार्च
कांड्यांमधलं अंतर बदललं. काउंटर गप्प. मेहुणा नुसता 'हं' म्हणाला. मी बादलीला लाथ घातली, ती त्याच्या नडगीवर बसली. त्याने तीच माझ्या डोक्यावर पालथी घातली आणि वरून पान्याने वाजवली. कान अजून गुणगुणताहेत. ही म्हणते, दोघंही शहाणे व्हा. 'दोघंही' हा अन्याय.

बुधवार, ५ मार्च, दुपारी ३.१०
विजय. दोरी ओढली, थेट शिशाच्या पेटीत सोडली, झाकण बंद. काउंटर तरीही टकटकतोय.
मेहुण्याने विचारलं, दोरीच्या टोकाला सोर्स होता का, बघितलंत? मत्सर. म्हणे, सोर्स आत आहे का, पेटीला किरणांचा मीटर लावून बघतो. तोच मीटर हिसकावून त्याच्या नाकावर हाणला. दोन्ही मोडले. मीटरचं वाईट वाटलं, नवा होता. त्याने माझा कान चावला.
संकल्प उद्यापासून.

गुरुवार, ६ मार्च
कानाला तीन टाके. मेहुण्याला हॉलबंदी. भाषण तयार. 'स्वयंभू' हा शब्द चारदा आलाय, पाचव्यांदा बसवतो.

शुक्रवार, ७ मार्च
समितीच्या अध्यक्षबाई स्वतःचा मीटर घेऊन आल्या. पेटी रिकामी. त्यांनी मेहुण्याला आत बोलावलं. तो नाकाला पट्टी लावून, हातात तारेचा आकडा घेऊनच उभा होता. भट्टीच्या नळीतून त्याने अंगठ्याएवढा सोर्स उचलून पेटीत टाकला. दोरीची गाठ बुधवारीच सुटली होती. काउंटर थांबला.
मी ठोसा मारला. तो वाकला. त्याच्या मागे काँक्रीटची भिंत होती.

शनिवार, ८ मार्च (डाव्या हाताने)
उजवा हात प्लॅस्टरमध्ये. हॉलला टाळं नाही. भट्टी चालणार, बाहेरचा सोर्स देऊन. इनचार्ज मेहुणा.
सकाळी शर्टाची बटणं लावून द्यायला आला. म्हटलं, माझं मी बघतो. 'हं' म्हणाला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.
११.४०. दोन बटणं लागली, दोन्ही चुकीच्या काजांत.
११.५५. त्याला हाक मारली.