आहेराच्या पाकिटातला माझा कोड

विश्रांतवाडी,
रविवार

आदरणीय शालनताई,

सप्रेम जयभीम. तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींची साखर ताब्यात आहे ना? (त्यांना विचारू नकोस. ते 'आहे' म्हणतील आणि फ्रिजकडे जातील.) मी इकडे ठीक. म्हणजे जेवतो वेळेवर. पण आमची विजयमाला गेल्यापासून चार वर्षं रोज सकाळी नऊला 'दशरथ, खाल्लंस का?' असं विचारणारा तुझा फोन एकोणीस दिवस आलेला नाही. मी केला तर तू उचलत नाहीस. कर्वेनगर काही सातासमुद्रापार नाही, पण दारात येऊन तुझा चेहरा बघायची माझी छाती नाही. म्हणून हे पत्र.

दीपालीच्या लग्नात मी जे दिवे लावले त्यांचं मूळ सांगतो. पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो, तिथल्या अक्षता नावाच्या मुलीने मला डिजिटल रुपया दाखवला. मी म्हटलं, फोनवर पैसे तर आमची भाजीवालीही घेते. ती म्हणाली, काका, ते खात्यातून खात्यात जातात. ही रिझर्व्ह बँकेची नोटच आहे, फक्त कागदाऐवजी फोनमध्ये. बत्तीस वर्षं कोषागारात नोटा मोजलेला माणूस मी. स्क्रीनवर पाचशेच्या नोटेचं चित्र दिसल्याबरोबर अंगठा जिभेला लावूनच ती नोट पुढे सरकवली. वर तिने सांगितलं की यात परदेशी कार्डकंपन्या मध्ये नाहीत. झालं! त्या दिवसापासून मी घरच्या घरी स्वातंत्र्यसैनिक. (सोसायटीच्या फलकावर सूचनाही लावली: 'परदेशी कार्ड वापरणाऱ्यांनी माझ्याशी बोलण्यापूर्वी विचार करावा.' खाली कुणीतरी लिहिलं, 'विचार केला. बोलणार नाही.')

लग्नात माइक माझ्या हातात दिला ही मात्र दाजींची चूक. वंदना झाली, हार घालून झाले, मामाने आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे होते. मी वीस मिनिटं बोललो. त्या कंपन्यांनी उद्या तिकडे बटण बंद केलं तर आपण इकडे दुकानात हात चोळत उभे राहू, असं सांगून खिशातलं कार्ड काढलं आणि सजावटवाल्याची कात्री मागून सगळ्यांसमोर कापलं. टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. जावईबापू राकेशरावांची कंपनी त्याच कार्डवाल्यांची कामं करते, हे मला जेवताना कळलं, तेही व्याह्यांकडून, मठ्ठा वाढून घेताना.

इथवर तू माफ केलं असतंस. माझी भाषणं सोसायचा तुला लहानपणापासून सराव आहे. खरं पाप पाकिटात होतं. अक्षताने फोनवर एक काळी-पांढरी चौकट दाखवून 'काका, हा तुमचा कोड' असं सांगितलं होतं. आमच्या कोषागारात ज्या कागदावर रक्कम, तारीख आणि सही, तो कागद म्हणजे पैसे. मी ती चौकट झेरॉक्सवाल्याकडून गुळगुळीत कागदावर छापून घेतली, मागे 'रु. २००१ फक्त' लिहिलं, सही ठोकली आणि आहेराच्या पाकिटात घातली. तो कोड पैसे देण्याचा नसून घेण्याचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं (मी विचारलंही नव्हतं). राकेशरावांच्या फोनमध्ये डिजिटल रुपया आधीपासूनच होता, म्हणजे माझ्या भाषणाची त्यांना गरजच नव्हती. त्यांनी लग्नातच पाकीट उघडून कोड स्कॅन केला, मागची रक्कम वाचली, आणि हा मामाचा मान असावा असं समजून निमूटपणे दोन हजार एक रुपये मलाच पाठवले.

तू पत्रिकेवर ठळक छापलं होतंस: मानपान, देणंघेणं नाही. आयुष्यभर तू तसंच वागलीस, विहारात येणाऱ्या बायकांना तेच सांगत आलीस. आणि तुझ्या सख्ख्या भावाने नवरदेवाकडून मान वसूल केला, तोही सहीनिशी. विहीणबाई तुला म्हणाल्या, "पत्रिकेत खाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं का हो?" तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला. ताई, मला फार लाज वाटली. अजून वाटते.

दाजींना जयभीम, दीपालीला आशीर्वाद (तोंडी, कोडाशिवाय).

तुझा,
दशरथ

ता. क. काल वाघोलीला विहीणबाईंच्या घरी जाऊन सगळं कबूल करून आलो. राकेशरावांचे पैसे आणि माझा आहेर, दोन्ही कागदी नोटांत दिले. तुझा यात काही दोष नाही हे त्यांना पटलं. मी मूर्ख आहे हे आधीच पटलेलं होतं.

आणखी एक ता. क. लग्नात माझा चष्मा घरी राहिला होता. कार्डाचे तुकडे मी आठवण म्हणून जपून ठेवले होते, ते आज जोडून पाहिले. कापलं ते देशी कार्ड. परदेशी माझ्या खिशात धडधाकट आहे, आणि काल वाघोलीला जाताना स्कूटरमध्ये पेट्रोल त्यावरच भरलं. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. हसू येत असेल तर एकटी हसू नकोस. सकाळी नऊला फोन करून हस.