पाहुण्यासाठी आणलेली लाईट

आई, काल मी मासवडी केली. बेसन कापडावर नीट थापलं, तीळ-खोबऱ्याचं सारण भरलं आणि वळताना ती मधोमध चिरली. तुझे जावई म्हणाले, चव चांगली आहे. म्हणजे बाकी काही चांगलं नव्हतं. मला मात्र तो दिवस आठवला, वीजघराचे साहेब आपल्याकडे जेवायला आले होते तो, आणि मी एकटीच हसत सुटले.

मी तेव्हा मंचरला कॉलेजात होते. आपलं जुनं गाव धरणात गेलं, त्या बदल्यात धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून गावाच्या घरांना आणि शेतातल्या मोटरींना दिवसाची लाईट मिळायची. हा वाटा काही वर्षांनी पुन्हा मंजूर करून घ्यावा लागायचा. त्या वर्षी मुदत संपली, मंजुरी अडकली आणि चार गावांसारखी आपल्यालाही रात्रीची लाईट आली. उसात बिबट्या, आणि आबा बॅटरी घेऊन पाणी भरायला निघालेले. ते परत येईपर्यंत तू उंबऱ्यात बसून राहायचीस. झोप म्हटलं की म्हणायचीस, मला झोपच येत नाही. दिवसा मात्र ताक घुसळताना पेंगायचीस.

आणि गावाची गरज पाहायला साहेब येणार म्हटल्यावर आपल्या शहाण्यांनी काय करावं? दुपारी लाईट नसणार, पाहुणा घामेघूम होऊन कसा जेवेल, म्हणून सरपंचांनी नारायणगावच्या मांडववाल्याचा जनरेटर आणला. आवाज येऊ नये म्हणून देवळामागं ठेवला. आपल्या ओसरीवर पंखा गरगरतोय, थंड पाणी येतंय, साहेब खूश. दुसरी मासवडी मोडताना म्हणाले, तुमच्याकडे तर भर दुपारी लाईट आहे, मग वेगळा वाटा कशाला मागता? हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणजे काय ते मी त्या पंगतीत पाहिलं. सगळे ताटात बघत बसले. पाहुण्याला, तुमच्यासाठी भाड्यानं आणलंय, असं सांगायचं कुणी? आबासुद्धा भाकरी चुरत राहिले, चुरतच राहिले.

तू रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आलीस. मला वाटलं, वाढून आत जाशील.

"सायेब, ही लाईट गावची नाय," तू म्हणालीस. "तुमाला उकडू नये म्हणून मशीन आणलंया. तुमी गेला की ते बी जाईल. मग रातचं आमची माणसं उसात जात्यात, आन् आमी दारात बसून ऱ्हातो. माणूस घरी येस्तवर काय व्हतं, ते कुणाला सांगायचं?"

सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. साहेबांनी मशीन बंद करायला सांगितलं. पंखा थांबला आणि त्या उकाड्यात तुझा तो झणझणीत रस्सा. साहेब नाकाडोळ्यांतून पाणी काढत होते आणि वाटी पुढं करत होते. जाताना फक्त एवढं म्हणाले, की हे कागदावर लिहिलं असतं तर मला कळलं नसतं.

पुढं मंजुरी आली. शाल-नारळ कुणाकुणाला मिळाले ते विचारू नकोस, तुला काही मिळालं नाही. मी चिडले, तर तू म्हणालीस, शाल घेऊन मी काय उन्हाळ्यात पांघरू?

दिवसाची लाईट सुरू झाली त्या दिवशी आबा पाणी भरून दिवेलागणीआधी घरी आले, पाय धुऊन चहा प्यायले. तू भाकरी टाकल्यास, परात बाजूला सारलीस आणि कुणाचं जेवण व्हायच्या आत भिंतीला लागून झोपून गेलीस. इतक्या लवकर झोपलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

हे पत्र घडी करून मासवडीच्या कापडाखाली ठेवते, आता तू नाहीस, तर त्याला दुसरं कुठं जायचंय? एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी घाबरून तुझ्या नाकापाशी बोट धरून पाहिलं होतं. तू चांगली घोरत होतीस, तरी धरलं.