चुकीच्या ओटीवर

सर, मुद्दे न काढता निबंध लिहिला म्हणून ज्यांच्या वह्या तुम्ही परत भिरकावल्यात, त्या आम्हा सगळ्यांच्या वतीने हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा नियम अजून ठणठणीत आहे. येत्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये तुमच्या नावाने कथालेखनाचं शिबिर सुरू होतंय. उद्घाटनाला मला बोलावलंय. प्रवेशाची अट एकच, कथेचा आराखडा आधी द्या, शेवटासकट. विरारहून एक शिवणकाम करणारी बाई आली होती, तिला दारातूनच परत पाठवलं. शेवट अजून ठाऊक नाही, एवढंच तिने खरं सांगितलं होतं.

तो वर्ग मला अजून दिसतो. विषय 'आमची वाडी'. फळ्यावर केळी, नारळ, पाणी असे तुमचे मुद्दे. माझ्या निबंधात मध्येच बावखल येतं, आमच्या वाडीतलं तळं, आणि त्याच्या काठावर काकी एकटीच रडत बसलेली असते. वाडी मागेच राहते. तुम्ही विचारता, "हे कुठून आलं?" मी म्हणते, "आपोआप आलं, सर." "आपोआप गवत येतं," तुम्ही म्हणता. वर्ग हसतो, मीही हसते. घरी जाऊन मात्र जेवले नव्हते.

आता ज्या कथेमुळे लोक मला ओळखतात, ती कशी आली ते ऐका. गिरीज गावात एका घरी सांत्वनाला गेले होते. एकाच आडनावाची घरं ओळीने, आणि बाप्तिस्म्याची नावंही तीच तीच. ओटीवर बसलेल्या म्हातारीचे हात धरून मी तिच्या नवऱ्याबद्दल चार शब्द बोलले. चार कसले, मला थांबता कुठे येतं? तोवर नवरा आतून बनियनवर बाहेर आला आणि दाराला टेकून ऐकत राहिला. मयत शेजारच्या घरी होतं. मी ओशाळून उठले, तर म्हणाला, "बस बाय. मी मेलो नाही म्हणून चहा न घेता जाणार?" म्हातारीने सुकेळी, घरची वाळवलेली केळी, पुढे केली. "हिने सांगितला तो नवरा बरा होता," ती म्हणाली, "तो कुठे मिळेल?" तो हसला नाही. बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "परत सांग ना, मी कसा होतो."

हे वाक्य तुमच्या कुठल्या मुद्द्यात बसलं असतं, सर?

दुसऱ्या बाजूचेही भेटतात. नशीब तुमचं, कथा आयती मिळाली, म्हणतात. नशिबाने फक्त घर चुकवलं. चहाला बसले ती मी. त्या एका वाक्यापायी वर्षभर पानं फाडली तीही मीच. शेवट सापडला तो खोडताखोडता, आणि तो मला आधी विचारला असता तर मीही दारातूनच परत गेले असते.

म्हणून रविवारी माईक हातात आला की भाषण बाजूला ठेवून मी एवढंच सांगणार आहे: विरारच्या त्या बाईला आत्ता इथूनच फोन लावा, आणि रिकाम्या हाताने या म्हणा. संयोजक तुमचेच विद्यार्थी, रागावतील. रागावू देत.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? माझ्याच खणात राहील. एक मात्र कबूल करते. लिहायला बसण्याआधी मी सवयीने मुद्दे काढले होते. त्यांत तो बनियनवरचा म्हातारा नव्हता.