माझ्या कपाटाले कोणी हात लावला?

१९ मे, मंगळवार

माझ्या कपाटाचे दरवाजे बदलले. मी नाही बदलले!

दुपारी झोपून उठली, साडी काढाले गेली अन् हात तसाच राहिला. तपकिरी सनमायकाचं कपाट आहे माझं — हे कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये होते तेव्हा क्वार्टरमध्येच सुतार बसवून बनवलेलं. आता पाहते तर मलईसारखा रंग, त्याच्यावर बारीक राखाडी पानं. नखानं खरवडून पाहिलं. प्लास्टिकचा कागद आहे, मागून गोंद असलेला. दोन्ही दरवाजांवर, वरपासून खालपर्यंत.

सोनं जागच्या जागी. पैसे जागच्या जागी. बाहेरच्या दाराले आतून कडी. चोर न्यायले येते, कपाट सजवाले येते का?

माय वं! साडी न काढताच कपाट लावून टाकलं.

२० मे

कोणालेच सांगतलं नाही. सांगू तरी कोणाले? अंकुश पुण्याहून एकतीस तारखेले येऊन राहिला. हे गेले तेव्हापासून एकच धोशा त्याचा — "आई, एकटी राहू नकोस, घर विकून टाकू, इकडे चल." त्याच्या कानावर हे गेलं तर संपलंच. एक तर म्हणेल घरात कोणी शिरते, एक तर म्हणेल आईचं डोकं फिरलं. दोन्हीकडून पुणं!

पलीकडच्या गल्लीतली देवकी आठवते. गॅस चालू ठेवून दोनदा बाजारात गेली, बस, पोरानं घराले कुलूप लावलं अन् नेली हैदराबादले. जाताना ऑटोत बसून विचारत होती, "आपण परत कधी येऊ गा?" त्या घरात आता दुसरेच लोक राहतात.

मी नाही जाणार. या घरात मी यांच्यासोबत म्हातारी झाली, इथंच मरीन.

उजवा खांदा लय दुखते. कूलरसमोर झोपू नये म्हणतात ते खरंच आहे.

२१ मे

कपाट उघडलंच नाही. कालचीच साडी.

२२ मे

आज हिंमत केली. सकाळची वंदना झाली, अगरबत्ती हातात होती, तशीच कपाटापुढे जाऊन उभी राहिली. चष्मा लावून नीट पाहिलं. काम मोठं सफाईचं आहे बाप्पा! बुडबुडा एक नाही. अन् कोपरे — कोपरे तिरपे कापून आत दुमडलेले.

हे तर माझं आहे! शाळेत शिकवत असताना पोरांच्या वह्यांना खाकी कव्हर असंच घालून देत होती मी. चौकोनी दुमडला तर कोपरा फुगते, तिरपा कापला तर बसते. हे मी एकाच बाईले शिकवलं होतं. शेजारच्या शोभाले, तिचे पोरं लहान होते तेव्हा.

अन् घराची दुसरी चावी शोभाकडेच असते!

शोभा? आपली शोभा? यांच्या मयतीच्या दिवशी माझ्या तोंडात घास भरवणारी शोभा? काहून करेल ती असं? मले घाबरवाले? मी पुण्याले गेली तर हे घर स्वस्तात तिच्या पोराले मिळेल म्हणून?

छी. काय काय येते मनात. पण येते.

२३ मे

विचारून टाकलं.

शोभा गच्चीवर कुरडया घालत होती. मी सरळच म्हटलं, "माझ्या कपाटाले कागद कोणी लावला?" तिनं हसून वर पाहिलं. "वं प्रेमिला, काय बोलतं? आपण —" अन् थांबली. माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. हातातला साचा तसाच. मंग तिचा चेहरा उतरला. खाली मान घालून म्हणाली, "हो. मीच लावला. सीताबर्डीच्या बाजारातून आणला होता. तुले न विचारता लावला, चुकलं माझं."

चोराच्या मनात चांदणं! माझा संतापच झाला. बोलू नये ते बोलली. "तुले माझं घर पाहिजे का? मले येडी ठरवून हाकलाचं आहे का?" तिनं डोळे पुसले फक्त. मी चावी मागितली, तिनं आणून दिली.

कुलूप पण बदलून घेतलं.

२४ मे

शांत झोप लागली. कोण होतं ते कळलं की अर्धी भीती जाते.

२६ मे

नाही जात.

सकाळी चहा उकळत होता अन् एकदम डोक्यात आलं — त्या दिवशी कडी आतून होती! चावी असून काय उपयोग? शोभा आत आली कुठून? अन् इतकं मोठं काम, कापणं, चिकटवणं, स्टूलवर चढणं. मी बाजूले झोपली होती अन् मले जागच आली नाही?

मंग ती हो काहून म्हणाली? न केलेलं काम कोणी आपल्या अंगावर घेते का?

चहा उतू गेला. गॅस मात्र बंद केला. दोनदा पाहिला.

२७ मे

शोभा फाटकाशी आली होती. कुरडयांचा डबा घेऊन. मी दार उघडलं नाही, खिडकीतूनच बोलली. ती हळूच म्हणाली, "अंकुश येते ना, त्याच्यापुढे त्या दरवाजांचा विषय काढू नको, वं. माझं ऐक."

ही धमकी आहे का? नाही तर काय आहे?

डबा फाटकावर ठेवून गेली. मी घेतला नाही. संध्याकाळी मुंग्या लागल्या त्याले.

२९ मे

नवतपा चालू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. अंगाची लाही लाही. कूलरच्या ओलसर हवेनं दरवाजाचा खालचा कोपरा सुटला होता. म्हटलं, उपटूनच टाकू एकदाचं! ओढला, तर सनमायकाचा टवका निघून आला. आतला लाकडाचा भुसा दिसला. यांचं कपाट! रडूच आलं मले.

घाईघाईनं परत बसवाले लागली. लाकडी पट्टी घेतली, तिले सुती कापड गुंडाळलं, अन् मधातून कडेकडे, मधातून कडेकडे दाबत नेली. एक बुडबुडा राहिला, त्याले टाचणी टोचली, अंगठ्यानं हवा काढली. बसला बरोबर.

मंग पट्टीकडे पाहिलं. हे मले कोणी शिकवलं? वह्यांच्या कव्हरले गोंद नसते, टाचणी लागत नाही. मी तर हे काम जन्मात केलं नाही.

खाली फरशीवर बसली.

मले भीती वाटते. कोणाची, ते लिहिणार नाही.

३१ मे, रविवार

अंकुश आला. बॅग ठेवली अन् कपाटावर हात फिरवला. "आई, फोटोपेक्षा भारी दिसतंय हं! या वयात स्टूलवर चढलीस, कमाल आहे तुझी."

कोणता फोटो म्हटलं. "अगं, तूच तर पाठवलास." मोबाइल पुढे धरला. तारीख एकोणीस मे, सकाळची. मी स्टूलवर. हातात पट्टी. खो खो हसून राहिली. खाली शोभा, दोन्ही हातानं कागद धरून, माझ्याकडे पाहून हसून राहिली. मोबाइल समोर टेकवून काढलेला दिसते.

मी म्हटलं, "हो, हो. तोच का!" हसली पण.

शोभाले गच्चीवरच कळलं होतं. म्हणून तिनं आपल्या अंगावर घेतलं. अन् मी तिले काय काय बोलली!

अंकुश आंघोळीले गेला. मी शोभाकडे चालली. आत्ताच — विसराच्या आधी.