मेस्विज, म्हणजे आउटहाउससकट

लोणावळा, रविवार, दिवेलागण

आज स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटतेय. बंगला विकायचा चाललाय. जुन्या खरेदीखतात आउटहाउसचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून घेणारे अडून बसले होते. त्यात एक जुनाट इंग्रजी शब्द होता, मेस्विज. मी जवळच्या कान्हे गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून मालकांच्या मुलाने मला हाक मारली. माझे अब्बा या बंगल्याचे जन्मभराचे माळी; आम्ही राहतो ते याच आउटहाउसच्या खोलीत. त्यांच्यासमोर मीही मिरवून घेतलं. कोश उघडून सांगितलं की यात नुसतं घर नाही, भोवतालच्या खोल्या, अंगण, झाडं, सगळं येतं.

"म्हणजे आउटहाउसही आलं," तो खूश होऊन म्हणाला. "महिनाअखेर खोली रिकामी करा."

त्या खोलीत माझा जन्म झालाय. दारातला फणस अब्बांनी लावलाय.

"फणस बी आला व्हय त्यात?" अब्बांनी विचारलं. मी मान डोलावली.

घरी येऊन तो शब्द पुन्हा वाचला. जुन्या फ्रेंचमधून आलाय. मुळात घरात राहणारी माणसंसुद्धा त्यात होती. पुढे वकिलांच्या कागदांत माणसं गळली, भिंती उरल्या. हे तिथे का नाही सांगितलं? सांगून तरी कोण ऐकणार होतं म्हणा!

झाडाचा पहिला फणस अब्बा दरवर्षी मालकांकडे पोचवतात. आत्ता तो फडक्याने पुसत त्यांनी मला विचारलं, "यंदाचा कुणाला द्यायचा गं? जुन्या मालकाला का नव्या?"